लाख्याचा दुसरा पोळा

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तेराव्याला बाहेरगावचे कीर्तनकार बुवा आले होते. त्यांनी आबांना एकदाच पाहिलेलं, तेही खाटेवर पडलेलं. पण बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, असा शांतिब्रह्म माणूस या पंचक्रोशीत झाला नाही, या माउलीला जन्मात कधी राग आला नाही, राग म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मंडपातली माणसं माना डोलवत होती. त्यातले अर्धे तरी आबांच्या शिव्या खाऊन मोठे झालेले. मी बायकांच्या घोळक्यात मागे बसले होते. मी पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलायचे थांबेनात. दोन्ही बाजूंच्या बायांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि एक म्हणाली, "रडू दे तिले, मोकळी होऊ दे." मी तशीच वाकून बसले. चारचौघांत वर मान करून बोलणं मला तेव्हाही जमलं नाही, म्हणून घरी येऊन इथे लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. काना-मात्रा चुकला तर चुकला, कोणाला दाखवायचं नाही.

आबांचा राग हे आमच्या घरातलं घड्याळ होतं. पहाटे काकड्याहून आले की कपाळावर बुक्का असायचा, गळ्यात तुळशीची माळ, आणि पहिला आवाज विष्णूच्या नावानं निघायचा, "विष्ण्या, उठतं का पानी ओतू?" विष्णू माझा धाकटा भाऊ. तो उठायचा, आणि त्याच आवाजानं शेजारच्या मळ्यातला नामदेवही उठायचा. आबांना निवांत बसलेलं मी पाहिलेलं नाही. वांग्याची निंदणी, कांद्याला पाणी, मेथीच्या जुड्या, मग बैलगाडी जुंपून अमडापूरचा बाजार, आणि आल्यावर पुन्हा वाफ्यांना पाण्याचं दार मोडून द्यायला मळ्यात. भाकरीसुद्धा ते उकिडवे बसून खात, जणू पाहुण्याच्या घरी आहेत आणि गाडी सुटते आहे. मायच्या हातची ज्वारीची भाकर, भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि बोटभर ठेचा. ठेचा कमी पडला तर ओरडत, जास्त झाला तरी ओरडत. पण त्या ओरडण्यात घर चालत होतं. बाजारात त्यांच्या ढिगाशी कोणी घासाघीस करत नसे. कोणी वांग्याला नख लावलं की ते फक्त बघत, बाई वांगं खाली ठेवून पुढच्या दुकानी जात असे.

त्या रागाची झळ मलाही एकदा लागली. गावातली शाळा चौथीपर्यंत होती, पाचवी अमडापूरला. गुरुजी स्वतः घरी आले, म्हणाले, पोरगी हुशार आहे, बोलत नाही पण लिहिते छान, तिला पुढे पाठवा. आबा नेमके विहिरीवरची मोटर जळाली म्हणून तापलेले होते. त्यांनी असं "नाही" म्हटलं की गुरुजींनी चहासुद्धा घेतला नाही. तो "नाही" मोटरीचा होता, माझा नव्हता, हे मला आज कळतं. पण मोटर दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त झाली आणि माझी शाळा राहून गेली. आबांना त्यानंतर कोणी विचारायला धजलं नाही, आणि विचारल्याशिवाय आपला शब्द मागे घेणारे ते नव्हते.

मग एका हिवाळ्यात गावातली मंडळी बस करून काशीला गेली. काशीला गेलं की आवडतं काहीतरी गंगेत सोडून यायचं, पुन्हा जन्मभर त्याला शिवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. माणसं हुशार असतात. कोणी कारलं सोडलं, कोणी दोडका. सखाराम काकांनी फणस सोडला. आमच्या भागात फणस येत नाही आणि काकांनी तो चित्रातच पाहिलेला होता. आबांना असली पळवाट सुचली नाही. ते पाण्यात उभे राहून विचार करू लागले की आपल्याला सगळ्यांत जास्त काय आवडतं. मागे तिथले भटजी घाई करत होते, बस सुटायची होती. आबांनी ओंजळ सोडली आणि राग सोडला.

हे आम्हाला कळलं ते परत आल्यावर, मावंद्याच्या दिवशी. यात्रेहून आल्यावरचं गावजेवण होतं, पंगत बसली होती, आणि आबांनी हात जोडून सगळ्यांसमोर सांगितलं, "मी गंगेले शब्द देल्ला. आजपासून माहा राग गेला. कोनाले वाईट बोललो तं मले गंगेत उभं राहून खोटं बोलल्याचं पाप." सगळ्यांनी नामाचा गजर केला. मायनं तर डोळे पुसले. लग्न झाल्यापासून ती देवाकडे हेच मागत होती. सखाराम काका तेवढे फणसाची आठवण होऊन गप्प बसले.

पहिले काही दिवस घरात सणासारखं वाटलं. मग लक्षात यायला लागलं की काहीच वेळेवर होत नाही. विष्णू उन्हं वर येईपर्यंत झोपून राहायचा आणि आबा त्याच्या उशाशी उभे राहून म्हणायचे, "उठा महाराज." नामदेव नांगर धरताना दर खेपेला आमच्या धुऱ्यात, म्हणजे आमच्या सामाईक बांधात, थोडा थोडा आत यायला लागला. बाजारात बाया एकेक वांगं नखानं दाबून पाहायच्या आणि वर कोथिंबीर फुकट न्यायच्या. चुलत्याच्या जावयानं गाडी मागून नेली ती परत आणली नाही, आबाच डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघाले. राग मात्र गंगेत पूर्ण बुडाला नव्हता, तो वर यायचाच. तो आला की आबा डोळे मिटून दातावर दात दाबून "विठ्ठल" म्हणायचे. ते इतकं जोरात दाबून म्हणायचे की आळीतली लहान पोरं ते नाव ऐकलं की पळत. बरीच वर्षं त्या पोरांना विठ्ठल हा फार तापट देव आहे असं वाटत होतं. माय एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, देवानं माझं ऐकलं खरं, पण उशिरा ऐकलं, आता याची सवय नाही राहिली.

चैत्रात कांदा काढायला आला तेव्हा माझ्यासाठी स्थळ आलं. किसनराव नावाचे एक दूरचे सोयरे मध्यस्थ होते. पाहुणे घाटाखालचे. आमच्याकडे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन मुलूख मानतात, आणि दोघेही दुसऱ्याला जरा कमी समजतात. मुलाची बागायती मोठी, विहिरीला पाणी, एवढं किसनरावांनी सांगितलं. आबा म्हणाले, या, पोरगी पाहून जा. त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या दारात बांगड्या भरणारी कासारीण आली. ती घाट उतरून खालच्या गावांतही फिरायची. मायनं मुलाचं नाव घेतलं आणि कासारणीचा हात माझ्या मनगटावरच थांबला. ती म्हणाली, त्या पोराचं एक लग्न होऊन गेलं आहे. बायको माहेरी परत आली ती एका कानानं बहिरी होऊन. त्या घरात बाईला हात लावायला कारण लागत नाही. एवढं सांगून तिनं माझ्या हातात बांगड्या चढवल्या, नेहमीपेक्षा सैल भरल्या, पैसे घेतले आणि गेली.

मायनं आबांना मळ्यात गाठलं. मी तिथेच कांद्याची पात कापत होते. सगळं ऐकून आबांनी हातातला कांदा ढिगावर टाकला. माय म्हणाली, किसनरावांना निरोप पाठवा, नाही म्हणून सांगा. आणि आबांनी जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही.

"मले नाही म्हनता येते, पन रागानं येते. बिनरागाचं नाही कसं राह्यते, ते मले ठाऊकच नाही."

माय आधी हसली. मग तिला कळलं की ते खरंच सांगत आहेत. उभ्या आयुष्यात आबांनी साध्या आवाजात कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. राग हाच त्यांचा नाहीचा दरवाजा होता आणि तो ते गंगेत टाकून आले होते. मग मायनं त्यांना शिकवायला घेतलं. ती स्वतः किसनराव झाली, पदर कमरेला खोचून बांधावर बसली आणि म्हणाली, "मंग काय आबा, पोरगी देता ना?" आबा म्हणाले, "नाही..." आणि थोडं थांबून, "म्हंजे पाहू." माय म्हणाली, पाहू नाही, नुसतं नाही. आबांनी पुन्हा म्हटलं, "नाही, तसं नाही, पन तुम्ही म्हनता तं..." तिसऱ्यांदा नाहीच्या जागी त्यांच्या तोंडून रामकृष्णहरी निघालं. मी पात कापत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्याची एक सोय असते, कोणी विचारत नाही. ज्या माणसाच्या एका नाहीनं माझी शाळा गेली होती, त्याच माणसाच्या तोंडून दुसरा नाही निघावा म्हणून मी मनात विठ्ठलाची विनवणी करत होते, आणि तो नाही विठ्ठलानंच अडवून धरला होता.

निरोप काही गेला नाही. पाहुणे ठरल्या दिवशी आले. ओसरीवर सतरंजी टाकलेली, समोर अंगणात लाख्या दावणीला बांधलेला. लाख्या आमचा तांबडा बैल, म्हातारपणाकडे झुकलेला, गरीब, अंगावर माशी बसली तरी शेपटी हलवायला विचार करणारा. त्याचा जोडीदार आदल्या वर्षी गेला होता. मुलगा आला होता, पण तो सगळा वेळ आपल्या बोटातल्या अंगठीकडे बघत होता. बोलत होते त्याचे मामा. त्यांनी आबांच्या गळ्यातली माळ पाहिली, भिंतीवरचे टाळ पाहिले, आणि त्यांना घर फार पसंत पडलं. आबा मधूनमधून दातावर दात दाबून "विठ्ठल" म्हणत होते. मामा किसनरावांना म्हणाले, हे असं भक्तिमार्गी घर पाहिजे, इथली पोरगी वर तोंड करून बोलणार नाही. म्हणजे ज्यानं स्थळ मोडायचं, त्याच्यामुळेच ते पक्कं होत चाललं होतं.

मी चहा घेऊन आले. मामांनी नाव विचारलं. माझ्या तोंडून नाव निघेना. हे काही त्या दिवसाचं नव्हतं, अनोळखी माणसासमोर माझा घसा नेहमीच बंद पडायचा, अजूनही पडतो. त्यांनी पुन्हा विचारलं. किसनराव घाईनं म्हणाले, "गोदावरी नाव हाये, लाजाळू हाये जरा." मामा हसले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि आरामात म्हणाले, "मुकी असली तरी चालते. पहिली लय बोले. बाईचं तोंड चाललं का मंग मानसाले हात चालवा लागते."

माजघराच्या दाराआड मायच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. आबांनी एकदा "विठ्ठल" म्हटलं. मग पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. ते उठले, पायात चपला घातल्या, पायऱ्या उतरून अंगणात गेले आणि लाख्यासमोर जाऊन उभे राहिले. लाख्या कडबा खात होता.

"काऊन बे," आबा म्हणाले, आणि काशीच्या आधीचा तो आवाज नामदेवाच्या मळ्यापर्यंत गेला. "लय माजला काय? दुसऱ्याच्या दारात येतं, दुसऱ्याचं खातं, अन् त्याच्याच वासरीवर शिंग उगारतं? तुले वाटलं, ह्याच्या गळ्यात माळ हाये, हा हात जोडून उभा राहीन? हे वासरी मी तळहातावर वाढवली. तिच्या पाठीवर मी माशी बसू देल्ली नाही, अन् तू तिले मारशीन? मुकी हाये म्हनून? अबे, मुकी ते नाही, मुका मी झालतो. ऊठ. चाल, ऊठ. आला त्या रस्त्यानं घाट उतर. पुन्हा ह्या दारात दिसला तं तुले ठेवत नाही."

लाख्या जन्मात घाट उतरला नव्हता. त्यानं तोंडातला कडबा खाली टाकला आणि मागे सरकता येईल तेवढा सरकला. किसनराव कसनुसं हसून म्हणाले, "बैलाले बोलून राह्यले ते. त्याईची सवय हाये."

"समजलं कोन्त्या बैलाले ते," मामा म्हणाले आणि बशी खाली ठेवून उठले. मुलानं पहिल्यांदाच अंगठीवरून नजर वर केली, पण तेव्हा निघायची वेळ झाली होती. लेकी बोले सुने लागे म्हणतात, ते मी त्या दिवशी बैलावरून शिकले. पाहुणे फाटकातून बाहेर पडेपर्यंत आबा लाख्याकडेच तोंड करून उभे होते. चहाच्या कपांवर साय धरली होती. माय बाहेर आली, तिनं कप उचलले, आणि आबांसाठी भाकरीवर ठेचा वाढला, न मोजता.

आबांनी भाकर खाल्ली नाही. गंगेला दिलेला शब्द मोडला म्हणून ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले, आणि आबा बसले म्हणून आम्ही सगळे घाबरलो. शेवटी ते गावातल्या भजनी मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांकडे गेले. विष्णू सोबत होता, त्यानं घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. बुवांनी विचारलं, तू पाहुण्यांना काही बोलला का? आबा म्हणाले, नाही, बैलाला बोललो. बुवांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मंग पाहुन्याची माफी मांगाचं काई काम नाही. बैलाची मांग. त्यानं तुहं काय केलं होतं?"

दुसऱ्या दिवशी आबांनी लाख्याला विहिरीवर धुतलं. खांदे हळदीनं आणि तुपानं चोळले, शिंगं रंगवली, पाठीवर झूल टाकली, कपाळाला बाशिंग बांधलं. मायनं पुरण घातलं. पोळ्याचा सण श्रावणाच्या अखेरीला, आणि आमच्या दारात तो भर उन्हाळ्यात झाला. आबांनी लाख्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि स्वतःच्या हातानं पुरणपोळी चारली. लाख्यानं आधी संशयानं वास घेतला. येणारे-जाणारे थांबून विचारत, आबा, हे काय? आबा म्हणत, "याचं अन् माहं बोलनं झालं होतं." त्यावर कोणाला पुढे विचारता येत नसे. त्या वर्षी लाख्याला दोन पोळे मिळाले.

रीत एकदा सापडली की माणूस सोडत नाही. पावसाळ्याआधी आबा धुऱ्याच्या कडेनं लाख्याला फिरवत त्याला विचारू लागले, "दुसऱ्याच्या वावरात काऊन शिरतं बे? सरक मांगं." नामदेव त्या हंगामात जितका आत आला होता तितका मागे सरकला. गाडीही परत आली. गावातली माणसं विचारायची, आज लाख्या कोनावर चिडला? आणि दर वेळी त्याला गूळ मिळायचा, त्यामुळे आबांचा आवाज चढला की तो जीभ बाहेर काढून वाट पाहायला लागला. मला मेहकरकडच्या एका घरात दिलं. पाहायला आला तेव्हा माझ्या नवऱ्यानं मला नाव विचारलं, मी बोलले नाही, तर तो म्हणाला की घाई नाही. ती घाई त्यानं पुढे कधीच केली नाही. तो गेला त्यालाही आता वर्षं झाली.

लाख्या मेल्यावर आबांनी दुसरा बैल घेतला नाही. ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला बोलून पाहिलं असेल त्यांनी, पण तो स्वतःच एवढा आवाज करतो. तेव्हापासून आबा खरोखर शांत झाले. लोक म्हणाले, पिकलं पान, देवाला वाहिलेलं. मला वाटतं, बोलायला कोणी उरलं नव्हतं. कीर्तनकार बुवांनी पाहिलेले आबा ते हे.

तेराव्यानंतर मी काही दिवस माहेरीच राहिले. विष्णूनं अंगणात सिमेंटच्या विटा बसवायला माणसं लावली, पावसात फार चिखल होतो म्हणून. दावणीचा जुना खुंटा मध्येच येत होता. विष्णू सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आला आणि मला म्हणाला, "गोदाताई, हा खुटा काढून टाकतो. आता कोनाच्या कामाचा हाये?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं मागे वळून पाहिलं. माझ्या तोंडून असं काही ऐकायची त्याला सवय नव्हती. "रागावली काय?"

"नाही."

तो सब्बल खाली ठेवून माणसांना म्हणाला, ठेवा तसाच, बाजूनं बसवा. आता अंगण स्वच्छ झालं आहे आणि मधोमध खुंटा आहे. अंधारात कोणाच्या ना कोणाच्या पायाला तो लागतोच. ज्याला लागतो तो दातावर दात दाबून विठ्ठल म्हणतो.